फुफ्फुसाचा कर्करोग: श्रीनगर, ऐझॉल आणि आपलं बीड-धाराशिव

कोष्टकवेडा

गेल्या आठवड्यात पाठीत उसण भरली म्हणून घरी पडून होतो. हातात मोबाइल आणि मला कोष्टकं वाचायची जुनी खोड. कर्करोग नोंदणीचे आकडे चाळताना एकच आकडा दोनदा समोर आला आणि पाठ विसरून उठून बसलो.

आकडा ३९.५.

पहिल्यांदा दिसला तो आपल्याकडचा. २०१२ ते २०१६ या काळातला उस्मानाबाद (आता धाराशिव) आणि बीड या जिल्ह्यांतल्या पुरुषांचा कर्करोगाचा दर, लाखामागे दरसाल ३९.५. सगळे कर्करोग मिळून बरं का. तोंड, घसा, पोट, रक्त, सगळं धरून. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या त्या अहवालात पुरुषांचा हा सर्वांत कमी दर. सर्वांत जास्त मिझोरामच्या ऐझॉल जिल्ह्याचा, २६९.४.

दुसऱ्यांदा दिसला तो २०१५ ते २०१९ च्या आकड्यांत. श्रीनगर, पुरुष, ३९.५. आणि हा नुसत्या फुफ्फुसाच्या कर्करोगाचा.

काळ थोडा पुढेमागे आहे हे मान्य. तरी बघा, आपल्या दोन जिल्ह्यांतल्या पुरुषांना डोक्यापासून पायापर्यंत जेवढे कर्करोग होतात, तेवढे श्रीनगरच्या पुरुषांना एकट्या फुफ्फुसात होतात. बायकांमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाचा सर्वांत वरचा दर ऐझॉलचा, ३३.७.

मला विचारलं असतं तर मी डोळे झाकून दिल्ली सांगितली असती. पुरुषांच्या एकूण कर्करोगात महानगरांमध्ये दिल्ली वर आहेच (१४६.७). पण फुफ्फुसाच्या यादीत पहिले नंबर लावले ते दल लेकवाल्या आणि ढगातल्या गावांनी, जिथे आपण 'शुद्ध हवा खायला' जातो.

माझा अंदाज असा की हा नकाशा आकाशातला धूर ठरवत नाही, तोंडापासून वीतभर अंतरावरचा धूर ठरवतो. चूक असेल तर फटकवा. मिझोराम किंवा काश्मीरमध्ये राहिलेलं कुणी आहे का इथे? कोष्टकात घरं दिसत नाहीत.

जुईली

रोचक धागा. एक बाळबोध प्रश्न. खाली बारीक अक्षरात 'वयानुसार समायोजित' असं असतं, ते काय प्रकरण आहे?

कोष्टकवेडा

@जुईली, बाळबोध अजिबात नाही, सगळी मेख तिथेच आहे. कॉलेजचं होस्टेल आणि वृद्धाश्रम शेजारी शेजारी आहेत असं समज. वृद्धाश्रमात कर्करोगाचे पाच रुग्ण, होस्टेलमध्ये शून्य. म्हणून वृद्धाश्रमाच्या खानावळीत विष आहे असं कुणी म्हणत नाही. केरळात म्हातारी माणसं जास्त, बिहारमध्ये पोरंसोरं जास्त. नुसते रुग्ण मोजून लोकसंख्येने भागलं तर केरळ उगाच बदनाम होतं. म्हणून प्रत्येक वयोगटाचा दर वेगळा काढायचा आणि सगळ्यांना एकाच ठरावीक वयोरचनेत बसवून बघायचं. वर दिलेले सगळे दर असे जुळवलेले आहेत, म्हणजे 'तिकडे म्हातारे जास्त असतील' ही पळवाट बंद.

घाटरस्ता

मी ग्रेफमध्ये, म्हणजे सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या दलात होतो. पुष्पक प्रकल्पावर ऐझॉलला तीन वर्षं काढली, त्यातलं बरंचसं साइटवर, म्हणजे डोंगराच्या कडेला. हे नव्वदच्या दशकातलं सांगतोय. आता घरोघरी गॅस आला असेल, तेव्हा तारीख लक्षात ठेवून वाचा.

आमचा एक मिझो मुकादम होता, त्याच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो तो प्रसंग. घर बांबूचं, खांबांवर उभं, दाराशी दोन पायऱ्या. आत शिरल्यावर मिनिटभर काही दिसेना. मधोमध चूल. तिच्यावर बांबूची फळी टांगलेली आणि तिच्यावर डुकराच्या मांसाचे तुकडे धुरावर धरलेले. त्याला ते वोक्सा रेप म्हणतात. फळी, वरचं छप्पर, खांब, सगळं डांबर फासल्यासारखं काळं आणि चकचकीत. धुराला वाट फक्त दाराची. आणि थंडी, पाऊस आणि ढग यामुळे दार बहुतेक वेळ लोटलेलं.

त्या चुलीभोवतीच सगळं. स्वयंपाक, गप्पा, पाहुणे, पोरांचा अभ्यास. मुकादमाची आई शेकोटीला हात धरून बसलेली, तोंडात झोझिअल. ही तिकडची हाताने वळलेली सिगारेट. आपल्याकडे एखादी आजी बिडी ओढताना दिसली तर आपण दोनदा बघतो. तिकडे मान कुणी वळवत नाही. बाजारात भाजी विकणाऱ्या बायका एका हाताने तागडी धरून दुसऱ्या हाताने ओढत असायच्या.

जेवणानंतर आजीबाईंनी एका लहान बाटलीतलं पिवळट पाणी पुढे केलं. मी पाचक समजून गिळणार, तेवढ्यात मुकादम ओरडला. ते तुइबुर. तंबाखूचा धूर पाण्यातून सोडून केलेलं पाणी. ते गिळायचं नाही, तोंडात धरायचं आणि थुंकायचं. पूर्वी बायकांचा वेगळा हुक्का असायचा, खाली पाण्याचं बांबूचं नळकांडं आणि वर मातीची चिलीम. बायका दिवसभर तो ओढायच्या आणि खाली जमलेलं पाणी पाहुण्याला द्यायच्या. पुरुषांची चिलीम वेगळी, तिला वैबेल म्हणतात. म्हणजे घरातल्या बाईने ओढणं ही तिकडे पाहुणचाराची तयारी. आपल्याकडे पानाचं तबक पुढे करतात, तसं.

३३.७ हा आकडा वाचून मला पहिली ती आजी आठवली.

रानवारा

@घाटरस्ता, यावर वेगळा लेख लिहा हो. प्रतिसादात नका संपवू.

मीठभाकर

सगळं ठीक. पण बीड-धाराशिवला सर्वांत कमी कर्करोग हे वाचून मी आमच्या पारावर वाचून दाखवलं, तर म्हातारी माणसं खो खो हसली. "कमी होतो की कमी सापडतो, ते विचार त्याला," असं सांगितलंय. तेव्हा विचारतो.

आमचे चुलते गेले त्याची हकीकत सांगतो. वर्षभर खोकला. तालुक्याच्या डॉक्टरनं फोटो काढला, डाग दिसला, टीबी म्हणून औषध सुरू. थुंकीत काही निघालं नाही तरी सुरू. सहा महिने गोळ्या खाल्ल्या. वजन निम्म्यावर. शेवटी लातूरला नेलं तर तिथं सांगितलं की मुंबईला न्या. मुंबईत आठ दिवसांत कळलं काय आहे ते. तोवर हाडात गेलेलं. जर आम्ही मुंबईला नेलंच नसतं, तर चुलते टीबीनं गेले असंच गावानं धरलं असतं. अशी किती माणसं असतील? ती तुमच्या कोष्टकात कुठल्या रकान्यात?

आणि मुंबईत अ‍ॅडमिट करताना आतेभावानं त्याचा डोंबिवलीचा पत्ता दिला. म्हणजे ते तिकडच्याच खात्यावर पडले असणार की नाही?

कोष्टकवेडा

@मीठभाकर, पाराला दंडवत. प्रश्न रास्त आहे आणि मी तो पहिल्या पोस्टमध्ये टाळला होता हे कबूल करतो.

पत्त्याचं सांगतो. नोंदणीचा नियम असा आहे की माणूस त्या भागात किमान वर्षभर राहणारा असला पाहिजे. उपचारापुरता आलेला पाहुणा धरत नाहीत. पण नियम पाळायला कागदावर खरं लिहिलेलं लागतं. डोंबिवलीचा पत्ता दिला आणि खोदून कुणी विचारलं नाही, तर गडबड होऊ शकते. थुंकीबद्दल डॉक्टर मंडळींनी बोलावं.

बार्शीकर

'कमी सापडतो' हे मराठवाड्याच्या बाबतीत पूर्ण खरं नाही. निदान आमच्या पट्ट्यात तरी.

देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीला सुरू झाली, १९८७ साली. बार्शी आणि धाराशिव जिल्ह्यातले परांडा आणि भूम हे तालुके. मुंबईची नोंदणी त्याच्या कितीतरी आधीची, १९६३ ची, पण तिथं काय, रुग्णालयात बसलं की कागद चालत येतो. खेड्यात माणूस दवाखान्यातच गेला नाही तर कागद कुठून येणार? म्हणून बार्शीची माणसं उलटी निघाली. गावोगाव जायचं, सरपंच, मास्तर, दाई, ज्याला गावाची खबर असते त्याला गाठायचं. कुणाला न भरणारी जखम आहे का, गाठ आहे का, अंगावरून जातंय का, असं विचारत फिरायचं.

मी शाळेत असताना आमच्या गावात असा एक माणूस यायचा. खांद्याला शबनम, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. चावडीवर बसून चहा पिता पिता मागच्या खेपेपासून कोण कोण वारलं आणि कशानं, याची यादी उतरवायचा. आम्ही पोरं त्याला 'यमाचा कारकून' म्हणायचो. आजी ओरडायची, पण हसायचीसुद्धा. एकदा तिनं त्याला तीन घरांपलीकडच्या बाईचं नाव हळूच सांगितलं, जी दुखणं लपवून बसली होती. त्या बाईला बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात नेलं. पुढं वीस वर्षं जगली ती.

सांगायचं ते एवढंच की इथं घरात शिरून मोजलंय आणि तरी आकडा लहान आला. सुटलेले असतील, मीठभाकर यांच्या चुलत्यांसारखे. पण सुटून सुटून किती सुटतील? २६९ चे ३९ होतील इतके?

स्टेथो

उशिरा आलो, ओपीडी होती.

मीठभाकर यांनी सांगितलं ते आम्ही कायम बघतो. क्षयाचा प्रसार आपल्याकडे एवढा आहे की फोटोवर डाग म्हटलं की पहिलं मनात तेच येतं. चाळिशी ओलांडलेला बिडी ओढणारा माणूस असेल, थुंकीत जंतू नसतील आणि महिना-दीड महिना औषध घेऊन फोटो सुधारत नसेल, तर पुढची तपासणी झालीच पाहिजे. ती लांबते. याने निदान उशिरा होतं हे नक्की, आणि काही निदानं होतच नाहीत हेही खरं. शिवाय त्या अहवालाच्या वेळच्या सगळ्या नोंदण्या मिळून देशाची साधारण दहा टक्केच लोकसंख्या होत होती. म्हणजे 'देशात पहिला' याचा अर्थ 'मोजलेल्यांत पहिला'.

पण बार्शीकरही बरोबर आहेत. महाराष्ट्राचा फुफ्फुसाचा आकडा लहान असायला साधं कारण आहे. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. मिझोराममध्ये ५८.७. इथपर्यंत फरक दुपटीचा वाटतो. आता महाराष्ट्राचे २६.६ फोडून बघा. धूर ओढणारे फक्त ३.८ टक्के. बाकी सगळे चुना मळून गालात धरणारे, नाहीतर मिश्री लावणारे. आपण तंबाखू सोडलेली नाही, फक्त तिची जागा बदलली. फुफ्फुस वाचतं आणि गाल, जीभ, हिरडी जाते. माझ्या ओपीडीत जबडा न उघडणारे पंचविशीतले पोरगे येतात, तेव्हा 'लंगचा दर कमी' याचा आनंद होत नाही. अहमदाबादचंही तसंच, तिथल्या पुरुषांचा तोंडाच्या कर्करोगाचा दर ३३.६ आहे. म्हणजे तोंडाचा नकाशा वेगळा काढला तर आपण पश्चिमेकडचे लोक मान खाली घालू.

यमुनापार

दिल्लीत बावीस वर्षं राहणारा मराठी माणूस म्हणून नोंदवतो की धागाकर्त्याने दिल्लीच्या हवेला क्लीन चिट दिल्यासारखं वाटतंय. नोव्हेंबरात या आमच्या गच्चीवर, बोलू मग.

स्टेथो

@यमुनापार, अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्येच बाहेरच्या हवेचं प्रदूषण पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे कर्करोग होतो हे सिद्ध मानलेल्या गोष्टींत. मुंबईला टाटा रुग्णालयात येणाऱ्या फुफ्फुसाच्या रुग्णांत जवळपास निम्मे कधीही न ओढलेले, असं तिथल्याच डॉक्टरांनी २०१२ मध्ये मांडलं होतं. त्यांना होतो तो बहुधा फुफ्फुसाच्या कडेला होणारा अ‍ॅडेनोकार्सिनोमा नावाचा प्रकार. त्यातल्या अनेकांच्या गाठीत एका जनुकाचा विशिष्ट बदल सापडतो, त्यावर गोळी आहे. बिडीवाल्यांचा असतो तो बहुधा मोठ्या श्वासनळीजवळचा, वेगळ्या जातीचा.

आणखी एक. हा रोग धूर आत गेल्यावर वीस-तीस वर्षांनी उगवतो. २०१५-१९ मध्ये मोजलेले रुग्ण हे ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या धुराचं पीक आहे. तुमच्या आजच्या नोव्हेंबरचा हिशेब अजून यायचाय.

कोष्टकवेडा

हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. घाटरस्ता यांनी 'तारीख लक्षात ठेवा' म्हटलं होतं, ती नव्वदच्या दशकातली चूलच आजच्या कोष्टकात आहे तर.

हिमगौरी

श्रीनगरबद्दल. नवरा बँकेत, बदलीवर तीन हिवाळे काढले. चिल्लई कलान म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, नळातलं पाणी गोठतं. खिडक्यांच्या फटी कागदाने चिकटवतात. आत बुखारी म्हणजे शेगडी, आणि फेरनच्या म्हणजे घोळदार अंगरख्याच्या आत कांगडी, निखाऱ्यांची छोटी टोपली. कांगडीने मांडीला आणि पोटाला चटके बसून कातडीचा कर्करोग होतो, त्याचं 'कांगडी कॅन्सर' हे नावच आहे. पण तो कातडीचा, फुफ्फुसाचा नव्हे.

आमचे घरमालक सत्तरीचे. पहाटेच्या नमाजानंतर त्यांचा हुक्का सुरू व्हायचा, त्याला जजीर म्हणतात. शहरी कॅफेतला फळांच्या वासाचा नाही, खरी तंबाखू, वर निखारा. गुडगुड ऐकून मला कळायचं की सहा वाजले. मी एकदा धीर करून म्हटलं, चाचा, डॉक्टर काय म्हणतात? ते म्हणाले, सिगारेट वाईट, म्हणून तर हा ओढतो, धूर पाण्यातून धुऊन येतो. हे तिथे सगळ्यांनी मला सांगितलं, शिकलेल्यांनीसुद्धा.

स्टेथो

श्रीनगरमधल्या सौराच्या शेर-ए-काश्मीर वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टरांनी हेच तपासलं होतं. न ओढणाऱ्यांच्या तुलनेत हुक्का ओढणाऱ्यांना फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट निघाला. पाणी धूर गार करतं, धुत नाही.

जुईली

मग मला एक कोडं पडलंय. आमची आजी औरंगाबादजवळच्या खेड्यात जन्मभर चुलीवर राबली. तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या. डोळ्यांतून कायम पाणी. बीडमधल्या बायकांचंही तेच. चुलीचा धूर जर मिझोरामला नडतो तर मराठवाड्याला का नाही?

कोष्टकवेडा

@जुईली, मीही त्याच पायरीवर अडकलोय. माझा तर्क: आपली चूल बरेचदा अंगणात, पडवीत किंवा छपराखाली. आढ्याला धुराडं किंवा कौलांच्या फटी. तिकडे थंडीमुळे कोंडलेलं घर आणि त्याच घरात दिवसभर मुक्काम. वर झोझिअल.

स्टेथो

तर्क ठीक आहे, त्यात एक भर. मघाच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या वर्गवारीत घरातला कोळशाचा धूर पहिल्या गटात आहे, लाकूडफाट्याचा एक पायरी खाली, 'बहुधा' या गटात. याचं गाजलेलं उदाहरण चीनच्या युन्नान प्रांतातलं, श्वानवेई नावाचा परगणा. तिथल्या बायका सिगारेट ओढत नव्हत्या, तरी फुफ्फुसाच्या कर्करोगात चीनमध्ये अव्वल. कारण घरात खड्ड्यात जळणारा धुरकट कोळसा, धुराडं नाही. ज्या घरांनी धुराडी बसवली तिथे धोका पुढच्या काळात जवळजवळ निम्म्यावर आला.

पण आजीला चुलीने काही केलं नाही असं नका समजू. फुफ्फुसाचा कर्करोग झाला नसेल. दमा, मोतीबिंदू आणि सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) हे चुलीचेच.

जुईली

दमा होता.

सागरगोटा

केरळवरून आठवलं. करुनागपल्लीच्या किनाऱ्यावरची वाळू किरणोत्सारी आहे, मोनाझाइट या खनिजातल्या थोरियममुळे. मी पर्यटनाला गेलो तेव्हा रिक्षावाल्याने 'इथे वाळूने कॅन्सर होतो' असं ठामपणे सांगितलं होतं.

स्टेथो

रिक्षावाल्याला सांगा की हजारो लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून बघितलं, तिथल्या जादा किरणोत्साराचा कर्करोगाशी संबंध दिसला नाही. त्याच अभ्यासातल्या पुरुषांत फुफ्फुसाच्या कर्करोगाशी ठळकपणे जुळली ती बिडी. बिचारी वाळू बदनाम.

दादरचा कट्टा

अवांतर, पण विषयाला धरून. एवढं लांब कशाला जाता, मुंबईच्या आतच फरक आहे. कर्करोगतज्ज्ञ डॉ. जस्सावाला यांनी मुंबईच्या नोंदणीतून पारशी समाजाचे आकडे वेगळे काढले होते. तंबाखूचे कर्करोग, म्हणजे तोंड, घसा, फुफ्फुस, इतर मुंबईकरांपेक्षा बरेच कमी. स्तनाचा मात्र जास्त. हवा तीच, लोकलची गर्दी तीच. अग्नी पवित्र, त्याला तोंड लावायचं नाही, म्हणून ओढणं निषिद्ध.

कोष्टकवेडा

वा! वीतभर अंतराच्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा मला सुचला नसता. पहिल्या पोस्टमध्ये टाकतो, तुमच्या नावाने.

घाटरस्ता

आजच त्या मुकादमाच्या मुलाशी फोनवर बोललो. घरी गॅस आहे, घर सिमेंटचं. पण मांस धुरवायला मागे एक छोटी खोपी ठेवलीय, गॅसवर तो वास येत नाही म्हणे. आजी केव्हाच गेली. कशाने ते मी विचारलं. "खोकल्याने" म्हणाला.

मीठभाकर

पारावर वाचून दाखवलं सगळं. मंडळी शांत झाली. मग एकानं चंची काढली, सवयीनं, आणि सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं तशी परत खोचली. पाचच मिनिटं, पण खोचली.

आणि डोंबिवलीचं विचारलं मी आतेभावाला. त्यानं फाइल शोधून फोटो पाठवला. केसपेपरवर सध्याचा पत्ता डोंबिवलीचाच आहे. पण खाली 'कायमचा पत्ता' असा दुसरा रकाना आहे आणि त्यात गाव, तालुका, जिल्हा, सगळं मु. पो. सकट लिहिलंय. अक्षर आतेभावाचं नाही. चुलत्यांचं आहे.